घर उघडे ठेवण्याबाबत

मी, मथुराबाई रामा भातडे, वय साठीच्या आसपास, राहणार मौजे शिरगणे, वरची वाडी, तालुका लांजा, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्या पोटात गाठ आहे, डोक्यात नाही. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर खाली देतील. मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. गोड बोलायची आमच्या घरात पद्धतच नाही.

आधी, अंगात हिंडायची ताकद होती तेव्हा, मी लांज्याला कचेरीबाहेर बसणाऱ्या लिहिणाऱ्याकडे गेले होते. त्याने नाव विचारले, वय विचारले, आणि पुढचे न विचारताच लिहिले, "धंदा : काही नाही." मी म्हटले, हे काय लिहिलेस? तो म्हणाला, "आजी, बायकांचं असंच लिहितात. घरीच असता ना?" मी त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि एस.टी.त बसले. चौथीपर्यंत शिकले आहे. अक्षर थोराड येते, ओळ वर चढते, पण वाचता येईल. धंद्याच्या जागी मी काही लिहीत नाही. पुढचे वाचून ज्याने त्याने ठरवावे.

नवऱ्याचे नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतले नाही. कायद्याला नाव लागते म्हणून घेते.

कलम १. माझ्या मागे राहणारी माणसे अशी. पती रामा भातडे. मुंबईला गिरणीत होते, गिरण्यांचा संप झाला तेव्हा घरी आले आणि पडवीतल्या खुर्चीत बसले. ते अजून तिथेच आहेत. थोरला मुलगा काशीराम, लोट्याला केमिकलच्या कारखान्यात पाळीवर जातो, तिकडेच चौघांत खोली करून राहतो. धाकटा सदू, मुंबईला गोदीत. काशीरामची बायको जनी, ही माझ्याजवळ घरात. तिची मुलगी चिमा, सातवी पास झाली. आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नाही.

कलम २. घराखालची जागा, मागचा मळा आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेची भातजमीन हे सगळे एकाच नंबरात आहे आणि सातबाऱ्यावर नाव माझे आहे. हे वाचून घरातल्या पुरुषांना घाम फुटेल, म्हणून कसे झाले ते सांगते.

जमीन मूळ खोतांची. सासरे कूळ होते, ते लवकर वारले. कुळकायदा आला तेव्हा चौकशीला साहेब बांधावर आला. शेत प्रत्यक्ष कोण कसते, एवढेच त्याला लिहून न्यायचे होते. माझे पती तेव्हा रजेवर आलेले. धुवट लेंगा, केसांना तेल, पायात नव्या वहाणा. मी लावणीत, गुडघाभर चिखलात. साहेबाने त्यांना विचारले, "तुम्ही कसता का?" आजूबाजूला वाडीतली चार माणसे उभी. त्यांच्या देखत मुंबईच्या माणसाने चिखलाचे नाव कसे घ्यावे? म्हणाले, "मी गिरणीत असतो, सायेब. चिखलात मी उतरत न्हाय. ता बायकोचा काम."

साहेब भला होता. त्याने पुन्हा एकदा विचारले. पतींनी पुन्हा तेच सांगितले, जरा मोठ्याने. मग साहेबाने माझ्याकडे बघून नाव विचारले. मी वाकलेलीच होते. नाव सांगितले आणि रोपांची पुढची मूठ लावायला घेतली.

पुढे चुलत सासऱ्यांनी ह्यांना सांगितले, "रामा, जमीन बायकोच्या नावावर चढली रे." हे हसले. "चढली तर चढली. बायको कोनाची? माजीच ना?" आणि मुंबईला निघून गेले. त्यानंतर सारा भरायला तलाठ्याकडे जाणे हेही घरकामात धरले गेले, म्हणजे माझ्याकडे आले. त्यामुळे या घरातल्या एकाही पुरुषाने सातबारा आजवर वाचलेला नाही. ज्या कामाची त्यांना लाज वाटली, त्या कामाबरोबर जमीनही त्यांनी टाकून दिली. मी ती उचलली. चोरलेली नाही.

कलम ३. आमच्याकडे पुरुष मुंबईला जातो आणि जाताना एक बाई घरात ठेवून जातो. का, तर घर उघडे राहिले पाहिजे. देवाला दिवा लागला पाहिजे, शिमग्याला पालखी दाराशी आली तर तिची ओटी भरायला कोणी पाहिजे, गणपतीला चाकरमानी आले की शेणाने सारवलेली जमीन आणि शिजलेला भात तयार पाहिजे. घराला कुलूप दिसले तर गाव छी थू करतो. बाईने त्यात काय काय केले, हे कोणी विचारत नाही. "घर उघडं आहे" एवढे म्हटले की तिचा जन्म त्यात मावतो. आधी सासूबाई होत्या, हौसाबाई. मग मी. आता जनीची पाळी लावली आहे. कशी लावली तेही सांगते, कारण हे मृत्युपत्र त्यातून निघाले.

गेल्या शिमग्याच्या आधी डॉक्टरांनी गाठीचे सांगितले. मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवा, असेही घरात येऊन बजावून गेले. शिमग्याला दोघे मुलगे आले. पालखी येऊन गेली, जेवणे झाली, बाप-लेक पडवीत बसले. मी माजघरात आडवी होते. मधली भिंत अर्धीच आहे. त्यांना वाटले मी झोपले. आडवी झालेली बाई त्यांनी फारशी पाहिलेली नाही, त्यामुळे ती झोपलेलीच असणार असे त्यांना वाटते.

काशीराम म्हणाला, "आयेच्या मागारी कसा करायचा?" मला वाटले, आता इस्पितळाचे निघेल. तो म्हणाला, "बाबांच्या जेवनाचा काय?"

सदू म्हणाला, "वयनी हाय ना. घर उघडा ठेवायला कोनतरी पायजेच. पालखी आली नि दाराला कुलूप, तर गाव थुकंल तोंडावर."

"पन जनीला लांज्याला काजूच्या कारखान्यात बोलावलानी हाय. चिमाची आठवी पन तितंच..."

यावर माझे पती बोलले. ते क्वचित बोलतात, पण बोलतात तेव्हा असे बोलतात. "पोरीच्या जातीला सातवी बास झाली. आनि बायलीला कारखाना कशाला? घरात काम ता काय हाय? दोन मान्सांचा तर सवपाक."

त्याच वेळी जनी चहा घेऊन पडवीत गेली. तिघांनी कप उचलले. तिला काय वाटते हे कोणी विचारले नाही. सदू एवढेच म्हणाला, "वयनी, साकर कमी हाय." झाला ठराव पास. इस्पितळाचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही निघाला नाही.

घरात काम ते काय आहे, हे मी इथे लिहीत बसणार नाही. ते खुर्चीतून दिसते. विहीर खुर्चीसमोर आहे, गोठा खुर्चीच्या उजव्या हाताला आहे. चार वर्षे रोज बघून ज्याला दिसले नाही, त्याला वाचून काय कळणार?

कलम ४. कलम २ मधली सगळी जमीन, घराखालच्या जागेसह, माझ्या पश्चात माझी सून जनी काशीराम भातडे हिच्या एकटीच्या मालकीची होईल. तिने ती कसावी, कोणाला लावावी, विकावी, ओसाड टाकावी, तिची मर्जी. काशीरामने तिच्या वतीने कुठेही सही करू नये. तिला सही येते.

जनीने माझी सेवा केली म्हणून जमीन देते, असे कोणी वाचू नये. तसे लिहिले तर उद्या कोणीतरी उठेल आणि सेवा कमी पडली म्हणून भांडेल. जमिनीच्या बदल्यात तिने कोणाला जेवण घालायचे नाही, कोणाचे पाय चेपायचे नाहीत, कोणासाठी गावात राहायचे नाही. जमीन तिची, कारण मी देते आहे. मुलग्यांना बापाकडून मिळते तेव्हा कोणी कारण विचारत नाही.

कलम ५. घर. भिंती सासऱ्यांनी बांधल्या, त्यांवर माझा हक्क नाही. भिंती ज्यांच्या असतील त्यांनी खुशाल उचलून न्याव्यात. खालची जागा माझी आहे.

तरी पतींना बेघर करायचा माझा विचार नाही. ते जिवंत आहेत तोवर त्यांनी या घरात राहावे. अट एकच. घर उघडे त्यांनी ठेवावे. दिवा त्यांनी लावावा, अंगण त्यांनी सारवावे, पाणी त्यांनी भरावे, स्वतःचे स्वतः शिजवावे. पालखी आली तर ओटी त्यांनी भरावी. जनीला, चिमाला किंवा भाऊबंदांतल्या कुठल्याही बाईला, मुलीला त्यांच्या रांधण्यासाठी या घरात आणून ठेवले, तर त्या दिवसापासून त्यांचा राहण्याचा हक्क संपेल आणि दाराला कुलूप लागेल. कुलूप मी लांज्याच्या बाजारातून आणून ठेवले आहे. किल्ली मैनाकडे आहे. तिचे घर समोरच आहे आणि तिची नजर चांगली आहे.

बिचाऱ्या पुरुषाला स्वयंपाक कसा येणार, असे म्हणणारे निघतील. त्यांच्यासाठी लिहिते. देवळातल्या समाराधनेला अख्ख्या गावाचा भात माझे पती रांधतात. हंड्याखाली जाळ कधी ओढायचा, पेज कधी काढायची, भात मोकळा कसा ठेवायचा, सगळे येते. कमरेला पंचा बांधून उभे राहतात आणि लोक वाखाणतात, "भात रामाचाच!" तोच माणूस घरात चुलीवरचे दूध उतू जाताना बघतो आणि मला हाक मारतो. तेव्हा येत नाही असे नाही. बघायला गाव असले की येते.

कलम ६. माजघरात काचेच्या चौकटीत एक मानपत्र टांगले आहे आणि ट्रंकेत एक शाल आहे. दोन्ही वस्तू माझ्या पतींच्या आहेत, पण त्यांचा निकाल मीच लावते.

सासूबाई लकव्याने अंथरुणाला खिळल्या त्या मरेपर्यंत उठल्या नाहीत. त्यांचे हगणे-मुतणे, न्हाणे-धुणे, भरवणे मी केले. लावणीच्या दिवसांत चिखलाचे हात धुवायचे, त्यांना कूस बदलून द्यायची, की परत शेतात. त्या मला सारखे एकच विचारायच्या, "माजा रामा कवा येतलो?" रामा वर्षाला एकदा यायचे, आईच्या उशाशी बसून रडायचे आणि शनिवारी परत जायचे. त्या गेल्या तेव्हा मुंबईतल्या आमच्या ग्रामस्थ मंडळाने हॉल घेऊन माझ्या पतींचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि हे मानपत्र. त्यात छापले आहे, "आपण आपल्या रुग्ण मातेची रात्रंदिवस सेवा करून तरुणांपुढे आदर्श ठेवलात." अध्यक्षांनी वाचून दाखवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ह्यांनी वाकून नमस्कार केला. एकदाही म्हणाले नाहीत की मी तर इथे होतो. मंडळातल्या त्या हॉलभर पुरुषांतही कोणाच्या डोक्यात आले नाही की मुंबईत बसून शिरगण्यातल्या म्हातारीचा गू कसा काढता येतो. सगळ्यांच्याच आया गावाला होत्या. कोण कोणाला विचारणार?

नारळाची वडी मी केली. चांगली झाली होती.

मानपत्र सदूला द्यावे. काही वर्षांनी त्याचाही सत्कार होईल, नाव तेवढे बदलून घ्यावे, छपाई वाचेल. शालीचे दोन तुकडे करून दोघा मुलग्यांनी वाटून घ्यावेत. भांडू नये.

कलम ७. काशीराम. हा वाईट नाही. हे मी सगळ्यात जास्त रागाने लिहिते आहे. वाईट असता तर सोपे गेले असते. त्याचे पत्र महिन्याला येते. त्यात असते, "आये, तब्येतीची काळजी घे, दगदग करू नको, बाबांना वेळेवर चहा देत जा." ही तिन्ही वाक्ये एका ओळीत लिहिताना त्याला काही खटकत नाही. शिमग्याला त्याने जनीच्या कामाचे आणि चिमाच्या शाळेचे नाव काढले, बापाने एक वाक्य टाकले, की चहाचा कप उचलला. त्याला मी माझे इरले देते. ते पाठीवर घेतले की पावसात ओणव्याने लावणी करता येते. एक दिवस तरी करून बघावी. मग बाबांचा चहा कोणी द्यायचा ते त्याला सुचेल.

सदूला मानपत्र दिले आहे, ते पुष्कळ झाले.

कलम ८. गोठ्यातली म्हैस आणि तिची रेडी समोरच्या मैना सोनू घडशी हिला द्यावी. म्हैस तिला ओळखते. पतींच्या जवळ गेली तर ती लाथ मारते. चार वर्षांत दोघांची ओळख झालेली नाही.

माझी कोयती, पाटा-वरवंटा आणि तांब्याची कळशी जनीने लांज्याला न्यावी. जड वाटले तर पाटा टाकून जावे. तिकडे मसाला दळायची गिरणी आहे.

माझ्या बाराव्याला गावजेवण घालायचेच असेल तर रांधायला पतींनी उभे राहावे आणि वाढायला मुलग्यांनी. वाडीतल्या बायकांनी पंगतीला पुरुषांच्या आधी बसावे. हे जमणार नसेल तर जेवण घालू नये. मी उपाशी मरणार नाही, तेव्हा मेलेलीच असेन.

कलम ९. हे शेवटचे कलम आणि सगळ्यात महत्त्वाचे. हे माझ्या मरणाची वाट न बघता आजच लागू करायचे आहे.

मी हे लिहिते आहे तेव्हा जनी आत चिमाची ट्रंक भरते आहे. उद्या सकाळच्या एस.टी.ने दोघी लांज्याला जाणार. मैनाच्या भावजयीकडे खोली बघितली आहे, शाळा तिथून जवळ आहे, काजूच्या कारखान्यात सोमवारपासून ये म्हणाले आहेत. काशीरामला पत्र टाकले आहे. परवानगी विचारलेली नाही, पत्ता कळवला आहे.

जनी तयार नव्हती. परवा माझे अंग पुसताना म्हणाली, "आये, तुमाला अशी टाकून मी कशी जाव? तुमचा झाला की जाईन."

मी म्हटले, "माजा झाला की तुजा चालू व्हईल. मग तुला कोन सोडतंय? माजे दिवस घातले की दुसऱ्या दिवशी सासऱ्याची पेज तुज्या गळ्यात. आनि तुज्या मागारी ही चिमा. जायचा तर आत्ताच."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत. मी अजून जिती हाय, तवर मी उत्तर देते."

ती रडली. मी रडले नाही, पण खरे ते लिहिते. ती राहावी असे मला वाटत होते. मला आता धड उठता येत नाही. कूस बदलायची तरी तिचे हात लागतात, आणि तिच्या हातांनी दुखत नाही. मरणाची मला भीती वाटते. त्याहून जास्त भीती ह्या तिघांच्या हाती पडायची वाटते. जनीला मी थांब म्हटले असते तर ती थांबली असती, आणि मग मी आणि पडवीतली माणसे यांत काय फरक राहिला असता? म्हणून ती गेली पाहिजे. माझे करायला तिने परत येऊ नये. सुट्टीला भेटायला आली तर पाहुणीसारखी यावी, बसावे, आणि चहा दुसऱ्याने करून द्यावा.

उद्यापासून माझे जे काही करायचे असेल ते करण्याचे काम माझ्या पतींवर आणि दोन मुलग्यांवर आहे. सेवेचा मान याआधीच देऊन झाला आहे, आता सेवा करावी.

पुढे काय होईल ते मला दिसते. मी घाणीत पडून मेले, तर प्रेताजवळ बसून गावातली माणसे पहिला प्रश्न विचारतील, सून कुठे होती? त्याचे उत्तर लिहून ठेवते आहे, म्हणजे कोणी जनीला छळू नये. सून लांज्याला होती. तिला मी पाठवली. घरात नवरा होता. हाकेला नाही तरी तारेला येतील एवढ्या अंतरावर दोन मुलगे होते. तिघांचेही हातपाय धड होते. विचारायचे ते त्यांना विचारा.

हे सर्व मी माझ्या मर्जीने, वाचून, पुन्हा वाचून आणि एक शब्दही न गाळता कायम केले आहे. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असेल असे कोणाला वाटलेही नसते. मूळ कागद डॉक्टरांजवळ राहील आणि अंमलबजावणी तेच करतील. जमिनीशी ज्यांचा संबंध येतो त्या जनी, चिमा किंवा काशीराम यांच्यापैकी कोणाचीही साक्ष घेतलेली नाही.

ठिकाण : मौजे शिरगणे, वरची वाडी, तालुका लांजा, जिल्हा रत्नागिरी
दिनांक : २७ मे १९८६

सही
मथुराबाई रामा भातडे

साक्षीदार

१. डॉ. अब्दुल गनी मुकादम, राहणार लांजा. बाईंनी हा मजकूर मला स्वतः वाचून दाखवला व माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. प्रकृती चांगली नाही. मुंबईला नेण्याबद्दल मी त्यांच्या पतींना आज पुन्हा सांगितले. त्यांनी, मुलगे गणपतीला आले की विचारतो, असे सांगितले.
(सही)

२. मैना सोनू घडशी, राहणार शिरगणे, वरची वाडी. वाचून दाखवलेले ऐकले, समजले.
(डाव्या हाताचा अंगठा)